फेरविचाराची मुदत

पाहुणा यजमानाच्या घरी स्वतःचं सरबत घेऊन येतो, असं कधी कुणी ऐकलंय का? सांगलीत तरी नाही ऐकलं. इथं दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही आत बसवून चहा पाजतात. पण पुष्कर हळबे यायचा तो काखेत थर्मास मारूनच. विश्रामबागेतल्या विलास कुंभोजकरांच्या पाया पडायचा, मग थर्मासातून गार वाळ्याचं सरबत पेल्यात ओतून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरायचा. स्वतः मात्र थेंब घ्यायचा नाही. आज काय तर एकादशी, उद्या चतुर्थी, परवा मारुतीचा शनिवार. आणि श्रावण लागल्यावर तर बघायलाच नको, अख्खा महिना याच्या पथ्यावर!

"तुम्ही घ्या बाबा, माझा कडक उपास," असं म्हणायचा आणि गोड हसायचा.

बाबा! विलासरावांना बाबा म्हणणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे रेवती, त्यांची एकुलती एक मुलगी. श्रावणातल्या पहिल्या रविवारी ती घरी आली, दारातच तिनं हे परक्याच्या तोंडचं 'बाबा' ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रेवती मिरजेच्या एका इस्पितळात झोपेच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होती. रात्रभर लोकांच्या डोक्याला तारा लावून त्यांची झोप वाचायची आणि दिवसा आपण झोपायचं, असा तिचा उलटा कारभार. मिरज ते सांगली अंतर ते काय, पण घरी येणं व्हायचं फक्त रविवारी, आणि कधीकधी तेही हुकायचं. आई गेल्यापासून विलासराव एकटेच होते. एसटीच्या सांगली स्थानकावर त्यांनी उभं आयुष्य वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेलं. गाड्या लागल्याची, सुटल्याची, रद्द झाल्याची घोषणा तेच करायचे. तो खणखणीत आवाज ऐकून जत-तासगावची माणसं झोपेतून उठून पिशव्या सावरायची. आता घोषणा यंत्र करतं, आणि विलासरावांचा आवाज घरात भिंतींशी बोलून बोलून बसला होता.

त्या रविवारी मात्र आवाजाला चांगलीच धार आली होती.

"रेवा, हा आपला पुष्कर. निवांत कंपनीत आहे. मागच्या महिन्यात यानंच मला तो पलंग दिला, फुकट वापरून बघायला. काय झोप लागते गं त्यावर! आणि आता तर सगळंच ठरवून टाकलं. आजीवन सोबत करार. पलंग, औषधपाणी, बाई, जेवण, मरेपर्यंत सगळं कंपनी बघणार."

"आणि कंपनीला काय मिळणार?"

"घर," विलासराव म्हणाले. बाजारातून मेथीची जुडी आणली असं सांगावं इतक्या सहज म्हणाले.

घर म्हणजे चार खोल्यांचं, साधं. पण त्याची एकेक वीट आईनं शिवणकाम करकरून उभी केलेली. दारातला पारिजातक आईचा. बाबांनी ते या काल भेटलेल्या माणसाला देऊन टाकलं होतं, आणि वर तोंडावर केवढं ते समाधान!

"बाबा, करार रद्द करा. आत्ताच्या आत्ता करा."

"का म्हणून? तो रोज येतो. माझ्यापाशी बसतो. माझ्या गाड्यांच्या गोष्टी ऐकतो. तू येतेस रविवारी, तीही डुलक्या काढत!"

हा घाव वर्मी बसला, कारण खोटं त्यात काहीच नव्हतं.

कायदा रेवतीला ठाऊक होता. गेल्या काही वर्षांत म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरबसल्या गंडा घालण्याचे इतके प्रकार झाले की सरकारनं फेरविचाराचा कायदा आणला. कोणतीही मोठी खरेदी, कोणतंही कर्ज, घेणाऱ्याला महिनाभर फेरविचाराची मुदत. त्या मुदतीत कारण न देता, दंड न भरता, 'मी हा करार रद्द करतो' एवढंच म्हणायचं. पण म्हणायचं ते घेणाऱ्यानं स्वतः, आपल्या आवाजात. पोरंबाळं आईबापांवर दडपण आणतात म्हणून फोनमधलं सरकारी यंत्र आवाज तपासायचं. भीतीनं किंवा रडत म्हटलेलं रद्द चालत नसे. मुलीनं बापाच्या वतीनं रद्द करणं तर मुळीच चालत नसे.

तिनं ग्राहक कक्षाला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, तक्रार करा ना. पण पुरावा, सुनावणी, सगळ्याला वर्ष तरी जाईल. मुदत पिठोरी अमावस्येला संपतेय तुमची. वडिलांनीच रद्द म्हटलं तर चुटकीसरशी काम होईल."

वडील म्हणणार होते थोडेच!

पुष्करला पोचवायला ती फाटकापर्यंत गेली, ती दोन शब्द सुनवावेत म्हणून. शेजारच्या बंगल्याच्या बाकावर माईणकर काकू बसल्या होत्या. बंगल्यावर निवांत कंपनीची पाटी. काकूंनी पुष्करला बघितलं आणि काठी टेकत उठल्या. "पुष्कर, बाळा, आलास का रे?" किती आशेनं विचारलं त्यांनी! पुष्करनं मानसुद्धा वळवली नाही.

"त्यांची मुदत संपली उन्हाळ्यात," रेवतीच्या नजरेला उत्तर म्हणून तो म्हणाला. "आता त्यांचं सगळं सेवा विभागाकडं असतं."

"त्या अजून तुमची वाट बघतात."

"बघू देत की. ताई, एक सांगू? राग नका मानू. माणसाला प्रेम लागतं, ते कुणाचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जो पुरवतो त्याचं. तुम्ही पुरवलं नाही, आम्ही पुरवलं." त्यानं थर्मास काखेत सारला. "आणि माझ्या मनाला ते टोचतबिचत नाही हां. मी रात्री शांत झोपतो."

शांत झोपतो. रेवतीनं ते दोन शब्द मनात नीट घडी घालून ठेवले.

ती आत आली आणि बाबांच्या खोलीतल्या पलंगापाशी उभी राहिली. भारीतली गादी, सागवानी चौकट. उशाच्या फळीला बारीक जाळी होती. तिनं नाक लावलं. वाळा! क्षणभर तिला कळेना, आणि मग कळलं तेव्हा तिला स्वतःचीच शरम वाटली, कारण ही विद्या तिच्याच प्रयोगशाळेतली होती.

गोष्ट अशी. माणूस झोपतो तेव्हा मेंदू झोपत नाही. दिवसभरात गोळा केलेल्या आठवणी काढून बसतो, काही ठेवतो, काही टाकतो. गाढ झोपेत मेंदूत संथ लहरी उठतात, तेव्हा ही निवडानिवड चालते. आता समजा, दिवसा एखादी गोष्ट घडताना तुमच्या नाकाशी एक विशिष्ट वास होता. तोच वास गाढ झोपेत हळूच सोडला, तर मेंदू नेमकी तीच आठवण पुन्हा उचलतो आणि आणखी घट्ट करतो. माणसाला जाग येत नाही, सकाळी काही आठवतही नाही. रेवतीच्या प्रयोगशाळेत अर्धांगवायूच्या रोग्यांना असं शिकवायचे. दिवसा हात उचलायचा सराव निलगिरीच्या वासात, रात्री मनगटावरच्या पट्टीतून निलगिरीची झुळूक. लुळा पडलेला हात लवकर उठायचा.

निवांत कंपनीनं हाताच्या जागी माया घातली होती. दिवसा पुष्कर, त्याचं हसणं, त्याचं पाया पडणं, आणि वाळ्याचं सरबत. रात्री पलंग नाडी बघून ओळखणार की म्हातारा गाढ झोपलाय, आणि जाळीतून वाळा सोडणार. रोज रात्री पुष्कर थोडा थोडा काळजात रुतत जाणार. फेरविचाराची मुदत कायद्यानं दिली होती खरी, पण फेरविचार करणारं मनच यांनी आधी खिशात घातलं होतं. आणि तो रोजचा कडक उपास? ज्याला आपल्या मालाची खात्री असते तो चाखून दाखवतो. हा चाखत नव्हता, म्हणजे याला सगळं माहीत होतं. हाही निवांतच्याच पलंगावर झोपत असणार, आणि वाळा पोटात गेला तर रात्री उलट यालाच म्हाताऱ्याची माया जडायची.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टर शेडबाळे बाईंना गाठलं. प्रयोगशाळा बाईंचीच. त्यांनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला.

"वाळा? अगं, गाढव आहेत का हे लोक? सगळ्या देशात एकच वास लावत सुटलेत! या कामाला वास कसा हवा, तर माणसानं जन्मात न घेतलेला. नाहीतर जुन्या आठवणी मध्ये लुडबुडतात. तुमच्या घरी कधी वाळा होता का?"

"आई माठात घालायची. जुडी बांधून," रेवती म्हणाली आणि बोलता बोलता थांबली.

"मग झालं तर! आईचा धागा या पोराच्या धाग्यापेक्षा कितीतरी जाड असणार. फक्त त्यावर धूळ बसलीय. जागेपणी तोच वास घरभर कर. आईच्या आठवणी काढ. पलंग रात्री वाळा सोडेल, पण मेंदू उचलेल ती आईची आठवण. पलंग आपल्याच मालकाविरुद्ध राबेल."

रेवतीनं महिन्याभराची रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच. कुंभारवाड्यातून माठ आणला, गणपती पेठेतून वाळ्याच्या जुड्या आणल्या. वाळ्याच्या उदबत्त्या, वाळ्याचा साबण, कपाटात वाळ्याच्या पुरचुंड्या. विलासराव आधी कुरकुरले. "फिल्टर आहे की भिंतीला. माठबीठ काय काढलंस मध्येच?"

"प्या तरी एक घोट."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि अर्ध्यावर खाली आणला. माठावर वाकून त्यांनी वास घेतला.

"वैजू रात्री जुडी बदलायची," ते म्हणाले. "मी स्टँडवरून यायचो तहानेला होऊन, तर तांब्या भरून दारातच उभी असायची." आणि मग ते रडायला लागले. बायको गेली तेव्हा रडला नव्हता हा माणूस. रेवती त्यांच्या शेजारी बसली आणि तीही रडली, अगदी हमसून हमसून. मग दोघांनी मिळून आईच्या गोष्टी काढल्या. शिवणयंत्राच्या, तिच्या भांडणांच्या, तिनं एकदा जत गाडीच्या ड्रायव्हरला कसं झापलं त्याच्या. रोज संध्याकाळी हेच चाललं.

दिवसागणिक विलासरावांत फरक पडत गेला. पुष्कर आला की पूर्वी ते दारापर्यंत जायचे, आता बसल्या जागी मान हलवायला लागले. एकदा सरबताचा पेला तसाच राहिला.

गोष्ट इथंच संपवता आली असती. शहाण्या बाईनं संपवली असती. बाबा शुद्धीवर येत होते, चार दिवसांत रद्द म्हणाले असते, घर वाचलं असतं, चार लोकांत पेढे वाटले असते. पण रेवतीला रोज सकाळी बाकावर बसलेल्या माईणकर काकू दिसत होत्या, आणि कानात ते दोन शब्द वाजत होते. शांत झोपतो म्हणे! करार रद्द झाला तर याचं काय बिघडणार होतं? थर्मास धुवायचा आणि पुढची गल्ली धरायची. छे! नुसतं सुटून तिचं भागणार नव्हतं. तिला त्याची झोप हवी होती.

श्रावणी पौर्णिमा जवळ आली होती. रेवतीनं पुष्करला स्वतः फोन केला आणि आवाजात साखर घोळली.

"पुष्कर, मी उगाच तुमच्यावर चिडले. बाबा तुम्हाला मुलगा म्हणतात. मग मी कोण झाले? राखीला या. भाऊ नाही मला."

विक्रेत्याला अशा घरात आणखी काय हवं असतं? मुलगीच गळाला लागली! तो नवा झब्बा घालून आला. पण या महाशयांना एक माहीत नव्हतं. रेवतीनं आदल्या दिवशी प्रयोगशाळेच्या कपाटातून रोग्यांच्या मनगटावर बांधतात तसली एक पट्टी उचलली होती. उचलली म्हणजे चोरली. नाडी ओळखून गाढ झोपेतच वास सोडणारी शेंगदाण्याएवढी कुपी तिच्यातून सोडवून तिनं राखीच्या फुलाखाली शिवली. आईच्या हातची शिवण तिच्या हातात थोडी उतरली होतीच. कुपीतला वास कारखान्यात बनवलेला, कुठल्याही फुलाचा नाही, मातीचा नाही. जन्मात कुणी न घेतलेला.

तोच वास तिनं निरांजनाच्या तुपात मिसळला.

पाट मांडला, रांगोळी काढली. पुष्करला बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. निरांजनाचा वास दोघांमध्ये दरवळला. रेवतीनं मुद्दाम हळूहळू ओवाळलं आणि म्हणाली, "बाबा, त्याच्या डोक्यावर हात ठेवा ना. आणि ती गोष्ट सांगा, विट्याच्या गाडीची."

विलासरावांनी हात ठेवला. आईवेगळं एक पोर स्थानकावर हरवलं होतं, बाप गाडीत बसून पुढं गेलेला. विलासरावांनी गाडी फोनवरून वाटेत थांबवली, पोराला स्वतः मोटरसायकलवर नेऊन पोचवलं. पुष्कर हसत ऐकायला लागला, आणि मग त्याचं हसू कुठंतरी अडखळलं.

"मी वसतिगृहात वाढलो," तो म्हणाला. "मला न्यायला कुणी यायचं नाही." विकायला म्हणून बोलला की खरं बोलला, कोण जाणे. पण आवाज नेहमीचा नव्हता.

रेवतीनं हातातली राखी परत तबकात ठेवली. तेवढ्यात तिला खिडकीतून माईणकर काकूंची काठी दिसली. तिनं राखी उचलली आणि गाठ घट्ट मारली.

"आपोआप सुटेपर्यंत काढायची नाही हं. बहिणीची शपथ!"

काढेल कसा? रोज याच घरी यायचं, मुलाचं नाटक करायचं, तर राखी हातात नको?

आता पुढचं ऐका. दोन-चार दिवस काहीच झालं नाही. मग एक दिवस पुष्कर थर्मास विसरून आला. दुसऱ्या दिवशी आला तो सकाळीच, आणि विलासरावांच्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून आणायला घेऊन गेला. एकदा दुपारी पावसात भिजत आला, कशाला तर "बाबांना खोकला होता काल." विलासरावांना हे जड व्हायला लागलं. "अगं, हा सारखा सारखा का येतो?" त्यांनी रेवतीला हळूच विचारलं. तो समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा आणि ते पेपर वर धरायचे.

मुदत सरत आली. इथं रेवतीनं मोठा जुगार खेळला, हे सांगायलाच हवं. बाबा आता रद्द म्हणाले असते. ती म्हणू देत नव्हती. पुष्करचं फळ अजून पिकायचं होतं. एखाद दिवस चुकला असता, बाबांची तब्येत बिघडली असती, तर आईचं घर कायमचं गेलं असतं. सुडाची भूक लागली की माणूस आपल्याच घराचे वासे पणाला लावतो.

पिठोरी अमावस्येला पुष्कर आला तो दाढी वाढलेला, डोळे तारवटलेले. सोफ्यावर न बसता विलासरावांच्या पायाशी फरशीवर बसला.

"बाबा, रद्द म्हणा. आज शेवटचा दिवस आहे."

विलासरावांनी पेपर खाली ठेवला.

"मी तुम्हाला फसवलं. सरबतात वाळा, पलंगात वाळा. झोपेत तुम्हाला माझी माया लावली. उद्यापासून कंपनी मला इथं येऊ देणार नाही, माईणकर काकूंचं केलं तसंच तुमचं करतील. मला ते नाही बघवणार. मी सगळं लिहून दिलंय ग्राहक कक्षाला, माझ्या सहीनिशी. नोकरी गेली तरी चालेल. मला फक्त इथं येऊ द्या, बाबा. नुसतं बसेन. तुमच्या गाड्यांच्या गोष्टी ऐकेन."

विलासराव उठले, माठापाशी गेले, तांब्याभर पाणी प्यायले. मग वळले.

"वाळा," ते म्हणाले. "माझ्या बायकोचा वास आहे तो. तिच्या वासावर तू माझ्या घरात शिरलास?"

"बाबा, मला माहीत नव्हतं..."

"बाबा म्हणू नकोस."

रेवतीनं फोन पुढं धरला. विलासरावांनी घसा खाकरला, पाठ ताठ केली. आणि कित्येक वर्षांनी तो आवाज पुन्हा लागला, खणखणीत, संथ, अख्ख्या स्थानकाला ऐकू जाईल असा.

"प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. विलास कुंभोजकर यांनी निवांत कंपनीशी केलेला आजीवन सोबत करार, रद्द करण्यात आलेला आहे. मी तो रद्द करतो. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही मुळीच दिलगीर नाही."

"आवाज शांत आहे," फोनमधलं यंत्र म्हणालं. "करार रद्द झाला. कायद्यानुसार विक्रेत्यानं यापुढं ग्राहकाच्या दारात पाऊल ठेवू नये."

पुष्कर उठला आणि बाहेर पडला. फाटकापाशी रेवतीनं त्याला गाठलं.

"झोप लागते का आता?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग मनगटावरच्या राखीकडं बघितलं. फुलाखालची कुपी चाचपली. माणूस हुशार होता, त्याला उशीर लागला नाही.

"ताई," तो म्हणाला. "मला माहीत आहे हे खोटं आहे. माहीत असून जात नाही. हे रद्द कसं करायचं? सांगा ना. तुम्हाला येतं. सांगा."

"फेरविचाराचा हक्क घेणाऱ्याला असतो, पुष्कर. विकणाऱ्यासाठी कायद्यानं काही ठेवलेलं नाही." आणि तिनं फाटक लावून घेतलं.

उपाय तिला ठाऊक होता, आणि किती सोपा होता! जागेपणी त्या वासात चार दिवस काढायचे, त्या वासात खायचं, भांडायचं, भांडी घासायची, की धागा सैल पडलाच. तो वास प्रयोगशाळेच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली रेवतीच्या पर्समध्ये होती. तिनं सांगितलं नाही.

पुष्करच्या जबाबावर निवांत कंपनीची चौकशी लागली. माईणकर काकूंचं घर सुटेल असं वकील म्हणतात. पण काकू अजून बाकावर बसतात. घर सुटलं म्हणून वाट बघणं थोडंच सुटतं?

विलासराव आता संध्याकाळी स्थानकावर जातात, जुन्या मित्रांबरोबर बसतात. रेवतीनं दिवसपाळी मागून घेतली, ती त्यांना घ्यायला येते. दारात पाऊल ठेवू नये असं कायदा म्हणतो, स्थानकाबद्दल काही म्हणत नाही. जतच्या फलाटावर, खांबाशी, एक दाढीवाला रोज उभा असतो. मनगटावर राखीचा मळका दोरा, फूल केव्हाच गळून गेलेलं. गाड्या लागतात, सुटतात. तो कुठल्याच गाडीत चढत नाही. तो फक्त विलासरावांचा आवाज कानावर पडतो का ते बघत उभा असतो.

परवा विलासरावांनी उठताना तिकडं पाहिलं.

"अजून उभाच आहे गं तो?"

"हो."

"त्याला सांग जाऊन," विलासराव म्हणाले, "ती गाडी आता लागायची नाही."

रेवतीनं सांगितलं नाही. उभा राहू दे म्हणाली मनात. बाबांचा हात धरून ती घरी आली, माठातली जुडी बदलली, दोघांना पिठलं-भात वाढला. आणि त्या रात्री ती शांत झोपली.